गाभण म्हशींच्या अंडाशयांचे सोनोग्राफीद्वारे मापन : एक चिकित्सा

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की पशुसंवर्धनाच्या अभ्यासकांना प्रथम गवळाऊ गाय आठवते. जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये येथे गोसेवा संघ स्थापन केला. संघाच्या सदस्यांनी गायीचेच दूध-तूप वापरावे असा दंडक होता. तलवारीसारख्या लांब शिंगांची नागपुरी म्हैस याच प्रदेशातील असूनही विचारवंतांच्या दृष्टीने ती नेहमी दुय्यमच राहिली. या पार्श्वभूमीवर म्हशीच्या प्रजननाविषयीचे सोनोग्राफीवर आधारित संशोधन स्वागतार्ह आहे. तथापि, त्यातील गाभण म्हशींच्या अंडाशयांचे मापन हा भाग चिकित्सेस पात्र ठरतो.

या मापनामागील तर्क सरळ आहे. गर्भ टिकण्यासाठी प्रोजेस्टेरॉन लागते व ते प्रामुख्याने अंडाशयावरील पीतपिंडातून मिळते. म्हशीचा पीतपिंड बहुधा अंडाशयात खोल रुतलेला असतो, गायीसारखा वर उठून येत नाही. त्यामुळे हात घालून केलेल्या तपासणीत तो निसटतो, पडद्यावर मात्र दिसतो. येथपर्यंत यंत्राची उपयुक्तता वादातीत आहे.

अडचण पुढे आहे. गर्भ वाढू लागताच गर्भाशय पोटाच्या पोकळीत खाली उतरते आणि अंडाशयांनाही ओढून नेते. साधारण चौथ्या महिन्यानंतर गुदाशयातून प्रोब अंडाशयापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते. म्हणजे प्रगत गर्भावस्थेतील सरासरी ही सर्व म्हशींची नसून ज्यांचे अंडाशय हाती लागले तेवढ्याच म्हशींची असते. किती अंडाशय सापडलेच नाहीत, ही संख्या कोष्टकात दिली नाही तर ते कोष्टक दिशाभूल करते.

दुसरा प्रश्न अचूकतेचा. पडदा एका वेळी एकच छेद दाखवतो. तिसरे माप प्रोब फिरवूनच मिळते आणि ते तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, २५, १८ व १४ मिलिमीटर मापांच्या अंडाशयाचे लंबगोलाच्या सूत्राने आकारमान सुमारे ३.३ घन सेंटिमीटर येते. प्रत्येक माप केवळ एक मिलिमीटरने अधिक धरले तर तेच ३.९ होते. ही वाढ जवळजवळ १८ टक्क्यांची, आणि ती म्हशीत नव्हे, कर्सर ठेवण्यात झालेली! एकाच अंडाशयाचे माप दोनदा, शक्यतो दोन व्यक्तींनी घेतल्याशिवाय महिन्यागणिक दिसणाऱ्या फरकाला अर्थ देणे घाईचे होय. शिवाय पीतपिंडाचा व्यास म्हणजे त्याची कार्यक्षमता नव्हे. रक्तातील प्रोजेस्टेरॉनची जोड नसेल तर मापन हे वर्णनच राहते.

कत्तलखान्यातून मिळालेल्या अंडाशयांशी तुलना करण्याची प्रथाही सावधपणे स्वीकारावी लागेल. तेथे येणारी जनावरे बहुधा वयस्क वा भाकड असतात. मुऱ्हा म्हशीची मापे आकाराने लहान असलेल्या नागपुरी म्हशीस प्रमाण मानणे तर मुळीच योग्य नाही.

मग वर्ध्याच्या पशुपालकास यातून काय मिळते? विदर्भाच्या उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका राहतो. भरल्यानंतर म्हैस पुन्हा माजावर आली नाही म्हणून ती गाभण आहे असे समजून तो महिनोन्‌महिने चारा-ढेप घालतो आणि शेवटी ती रिकामी निघते. दोन वेतांतील अंतर वाढते, घरखर्चाचा हिशेब कोलमडतो. हा प्रश्न भरल्यानंतर तिसाव्या दिवसाच्या सुमारास केलेल्या एका तपासणीने सुटू शकतो, आणि त्यासाठी अंडाशयाची तिन्ही मापे लागत नाहीत. उलट रिकाम्या निघालेल्या म्हशीच्या अंडाशयावर पीतपिंड आहे की नाही, हे पाहणे उपचाराच्या दृष्टीने निर्णायक असते. तो असेल तर माज मुका गेला, नसेल तर अंडाशय निष्क्रिय असण्याची शक्यता अधिक. दहा दिवसांनी पुन्हा तपासले की संशय फिटतो. गाभण म्हशींच्या मापनावर खर्ची पडणारे श्रम या रिकाम्या म्हशींकडे वळले, तर मोबाइल सोनोग्राफी यंत्र आर्वी-कारंजाच्या गोठ्यापर्यंत नेण्याचे सार्थक होईल.