‘अर्धसत्य’ आणि पोलिसाचें गाऱ्हाणें

श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनीं पटकथा लिहिली व गोविंद निहलानी यांनीं १९८३ सालीं ‘अर्धसत्य’ हा चित्रपट काढला, हें आमच्या वाचकांस विदितच आहे. त्यांतील रामा शेट्टीची भूमिका गाजविणारे सदाशिव अमरापूरकर हे मूळचे नगरचे. तेव्हां आज अहिल्यानगर म्हणविणाऱ्या आमच्या या जिल्ह्यानें त्या कृतीविषयीं अंमळ अधिक आपलेपणा बाळगावा, हें स्वाभाविक होय. परंतु अभिनयाच्या स्तुतींत एक प्रश्न मागें राहतो, व तोच येथें विचारावयाचा आहे : अनंत वेलणकर या फौजदाराचा नाश कशामुळें झाला?

याचें उत्तर सामान्यतः असें दिलें जातें, कीं त्याच्या स्वभावांतच तो होता. पोलिसांत नोकरी केलेल्या बापानें मनाविरुद्ध खाकी अंगावर चढविली. अपमानामागून अपमान सोसतांना त्याचें पौरुष डिवचलें गेलें. त्यानें दारू जवळ केली, कोठडींतील एका क्षुल्लक चोराचा जीव घेतला, आणि शेवटीं रामा शेट्टीचा गळा दाबून तो स्वतःच कायद्याच्या स्वाधीन झाला. हें उत्तर खोटें नाहीं. पण चित्रपटाच्या नांवाप्रमाणेंच तें अर्धें खरें आहे.

उरलेलें अर्धें पटकथेंतच आहे. वेलणकरावर निलंबनाचें संकट येतें, तेव्हां त्याचा अनुभवी वरिष्ठ हैदर अली त्याला कोणता मार्ग दाखवितो? अर्ज, सुनावणी अथवा दाद यांपैकीं एकहि नाहीं. दिल्लीपर्यंत हात पोंचलेला देसाई नांवाचा एक मध्यस्थ तो गांठून देतो. दरोडेखोर पकडल्याचें श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्यास मिळतें, तेव्हां तर मध्यस्थहि कामास येत नाहीं. आणि या वाटेचा शेवट कोठें होतो, हें निलंबित होऊन रस्त्यावर आलेल्या लोबोच्या रूपानें आपल्यासमोर उभें राहतें. ज्या घरास दार नाहीं, त्यांत माणसें खिडकींतून ये-जा करूं लागतात. देसाई ही ती खिडकी होय.

तें दार त्याच्या आदल्याच वर्षीं बंद झालें होतें. १९८२ च्या ऑगस्टांत, बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री असतां, मुंबईच्या पोलिसांनीं स्वातंत्र्यदिनीं काळ्या फिती लावल्या. १८ तारखेस सरकारनें त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेऊन पुढाऱ्यांस अटक केली. पोलीस रस्त्यावर उतरले, लुटालूट व जाळपोळ झाली आणि शहरांत लष्कर आणावें लागलें. पोलिसांचें वेतन, कामाचे तास, राहावयास घर व गाऱ्हाण्यांची दाद हे विषय धर्मवीर आयोगानें १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालांत हाताळले होते. म्हणजे रोग अज्ञात नव्हता. चित्रपटाच्या कथानकांत मात्र या प्रकरणास कोठेंच स्थान नाहीं, आणि आमच्या मतें हीच त्याची मुख्य उणीव होय. जें दुःख सबंध दलाचें होतें, तें त्यानें एका माणसाच्या मनोगंडांत कोंडलें.

यावर कोणी म्हणेल, कीं शस्त्रधारी माणसांस संघटनेचा हक्क दिला तर रामा शेट्टीचेंच राज्य यावयाचें; १९८२ ची लूट विसरतां काय? आक्षेप वजनदार आहे. राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें नागरिकांस दिलेला हा हक्क पोलिसांपुरता आकुंचित करण्याची मुभा ३३ व्या कलमानें संसदेस दिली, व १९६६ च्या कायद्यानें तसा निर्बंध घातलाहि. परंतु या आक्षेपांत संप आणि वाटाघाट या दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. इंग्लंडांत १९१८ व १९१९ सालीं पोलिसांनीं संप केले; १९१९ चे संपकरी कायमचे बडतर्फ झाले. तथापि त्याच वर्षीं डेस्बरो समितीच्या शिफारशीनें वेतन भरघोस वाढलें, आणि ज्या कायद्यानें पोलिसांस कामगार संघांत जाण्याची बंदी केली, त्यानेंच त्यांचें गाऱ्हाणें मांडणारें मंडळहि स्थापिलें. पुढें १९८० पासून २०१४ पर्यंत वेतनाच्या वाटाघाटींसाठीं तेथें स्वतंत्र वैधानिक मंडळ होतें. संपास मनाई व बोलण्यास मुभा, हा तो सौदा. आपल्याकडेहि केरळांत पोलिसांच्या संघटना उघडपणें काम करतात; आणि मुंबईंत २०१६ सालीं देवनारच्या ठाण्यांत आठ तासांच्या पाळीचा जो प्रयोग सुरू झाला, त्याचें मूळ एका शिपायाच्या सूचनेंत होतें. खालच्या माणसाचें ऐकल्यानें शिस्त बिघडली नाहीं.

वेलणकराच्या अपराधास आम्ही क्षमा मागत नाहीं. ज्याला वेतनाविषयीं अथवा अन्यायाविषयीं तोंड उघडतां येत नाहीं, असा प्रत्येक शिपाई कांहीं खुनी होत नाहीं. परंतु चित्रपट पाहून उठतांना आपण रामा शेट्टी मेला म्हणून समाधानाचा श्वास टाकतों, आणि कोठडींत मेलेला तो नगण्य चोर विसरतों, हें मात्र खरें. वरिष्ठांपुढें, पुढाऱ्यांपुढें गिळलेला शब्द शेवटीं त्याच्याच अंगावर मूठ होऊन पडला. म्हणून पोलिसाच्या गाऱ्हाण्याची दाद हा केवळ पोलिसाच्या सोईचा प्रश्न नव्हे. ज्याचा कोणी देसाई नाहीं, अशा कोठडींतल्या माणसाच्या जिवाचाहि तो प्रश्न आहे.