कचेरी आणि कच्चेरी

तमिळ भाषेत गाण्याच्या मैफलीला 'कच्चेरी' म्हणतात. शब्द ओळखीचा आहे, आपल्या कचेरीचा अगदी सख्खा भाऊ. पण आपल्याकडे कचेरीत जायचं म्हटलं की माणसाचा चेहरा पडतो, आणि चेन्नईत कच्चेरीला जायचं म्हटलं की बायका कांजीवरम नेसतात. एकाच शब्दाची दोन गावांत अशी दोन नशिबं!

बँकेच्या काउंटरमागे उभा जन्म काढलेल्या माणसाने संगीतावर टीका लिहावी का, असं कुणी विचारील. त्याला माझ्याकडे सज्जड आधार आहे. ज्यांच्या लेखणीला दक्षिणेतले भलेभले गवई टरकून असत ते सुब्बुडू (१९१७–२००७) दिल्लीत सरकारी नोकरीच करत होते. दिवसा फायली आणि रात्री गवई, दोन्ही निकालात काढायचे. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण नोकरदाराने बोलायचंच नाही असा काही नियम तिकडे नाही, एवढंच सांगायचं आहे.

तर चेन्नईचा 'सीझन'. सीझन म्हणजे आपल्याला आंब्याचा किंवा लग्नाचा ठाऊक. तिकडे नुसतं 'सीझन' म्हटलं की गाण्याचा, आणि तो चांगला महिनाभर चालतो. महिना मार्गळी, आपण ज्याला धुंधुरमास म्हणतो तोच, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा. आपल्याकडे धुंधुरमासात पहाटे उठून गरम खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा खायची चाल होती. तिकडे पहाटे देवळात आंडाळची तिरुप्पावै म्हणतात, तीस दिवसांची तीस पदं. मग पोंगल खातात आणि दिवसभर गाणं ऐकतात. आपण खाऊन पुन्हा झोपत होतो, हा दोन संस्कृतींतला फरक.

हे सगळं पुराणकाळापासून चालत आलं असेल असं वाटतं, पण तसं नाही. १९२७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून एक संगीत परिषद झाली, तिच्यातून १९२८ साली म्यूझिक अकॅडमी निघाली आणि डिसेंबर हा गाण्याचा महिना होऊन बसला. राजकीय अधिवेशनातून शंभर वर्षं टिकणारी सुरेल गोष्ट निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सापडलं नाही. पुढे एकेक 'सभा' निघत गेली. सभा म्हणजे भाषणाची नव्हे, गाण्याची संस्था. मैलापूर, टी. नगर, ट्रिप्लिकेन, जिकडे जावं तिकडे सभा, आणि सगळ्यांचं गाणं एकाच वेळी. आमचा पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे आणि चार-पाच दिवसांत आटपतो. तेवढ्यातही पुणेकर पुढे महिनाभर थकलेला असतो.

माझे माटुंग्याचे एक जुने सहकारी निवृत्त होऊन मैलापूरला राहायला गेले. तिकडच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मामा आणि त्यांच्या पत्नीला मामी म्हणतो. एल. टी. सी. घेऊन मी आणि आमची ही त्यांच्याकडे थडकलो, तेव्हा मामा माकडटोपी घालून दारात उभे होते. हवा अशी की मी घामाने निथळत होतो. पण सीझन म्हणजे थंडी, असं चेन्नईने एकदा ठरवलं आहे आणि थर्मामीटरला कुणी विचारत नाही. मामांच्या हातात वर्तमानपत्रातलं वेळापत्रक होतं, लाल पेन्सिलीने खुणा केलेलं. सकाळी व्याख्यान, दुपारी होतकरू मंडळी, संध्याकाळी मोठे कलावंत. मधल्या वेळात जेवण कुठे, तर ज्या सभेचं कँटीन चांगलं तिथे. मामींची खूण वेगळ्या रंगाची होती आणि ती कँटीनची होती.

मराठी श्रोत्याला तिथे पहिले दोन-तीन दिवस जरा जड जातात. गायकाने अप्रतिम जागा घेतली की शेजारचे मामा "च् च् च्" करतात. आपल्याकडे हा आवाज कुणाची किल्ली हरवली किंवा बदली नागपूरला झाली की काढतात. तिकडे ती दाद! मग ते बोटं मोजणं. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा टाळी आणि उलटा हात, टाळी आणि उलटा हात. झाला आठ मात्रांचा आदि ताल. अख्खं सभागृह मांडीवर हिशेब करत बसलेलं असतं. आमच्या कॅश डिपार्टमेंटमध्ये इतकी एकाग्रता दिसली तर इन्स्पेक्टर पेढे वाटील. शिवाय तिकडच्या तोडीला आपल्या भैरवीचे सूर. तोडीचा आलाप सुरू झाला की मराठी माणूस कार्यक्रम संपला असं धरून पायाने चपला चाचपू लागतो, आणि तिकडे तर आत्ता कुठे मुख्य गाणं यायचं असतं.

पण एकदा बसलं की कचेरी आणि कच्चेरी फार लांब नाहीत हे लक्षात येतं. गवयांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: ज्युनियर, सब-सीनियर, सीनियर. आमच्याकडे स्केल वन, टू, थ्री. ज्युनियरने दुपारी बाराला गायचं, बहुधा बिनतिकीट. मग वर्षागणिक एकेक तास पुढे सरकत संध्याकाळ गाठायची. केसात पांढरं आल्याशिवाय संध्याकाळ होत नाही असं म्हणतात. मी अशी एक दुपारची मैफल ऐकली. विशी-बाविशीची मुलगी गात होती. मोजायची सवय असल्याने मोजली, माणसं एकतीस. त्यांतली नऊ डोळे मिटून; किती समाधीत आणि किती जेवणावर, ते सांगता येणार नाही. पोरीने दीड तास असं गायलं की मामांची च्-च् थांबेना. संध्याकाळी त्याच खुर्च्यांना तिकीट होतं आणि बाहेर रांग होती. गाणं दुपारच्यापेक्षा चांगलं होतं का? मामा म्हणाले, "साहेब, दुपारी गाणं ऐकायचं, संध्याकाळी गवई बघायचा."

आता माझी खरी तक्रार. कच्चेरीचा साचा अरियकुडी रामानुज अय्यंगारांनी घालून दिला असं सगळे सांगतात, आणि तो साचा उत्तम आहे. आधी वर्णम, मग लहान कृती, मग मुख्य रचना. ती संपत आली की गायक हात जोडून थांबतो आणि मृदंगवाला एकटा वाजवतो. जोडीला घटम किंवा खंजिरी असेल तर ते आळीपाळीने. याला 'तनी आवर्तनम' म्हणतात. दोन तास दुसऱ्याच्या मागे वाजवणाऱ्या माणसाची ही दहा-पंधरा मिनिटं. आणि नेमकं याच क्षणी सभागृह उठतं! खुर्च्या फटाफट वर आपटतात, कांजीवरमं सळसळतात आणि सगळा रसिकवर्ग रवा डोश्याकडे निघतो. चेन्नईत यावर इतके विनोद आहेत की आता तो रिवाजच धरतात. मला त्यात विनोद दिसत नाही. काउंटरवर दिवसभर मान मोडून बसलेल्या माणसाने एकदाच मान वर करून काही म्हणावं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाने "जरा चहा घेऊन येतो" म्हणून चालू लागावं, त्यातलाच हा प्रकार.

बरं, जाणारे काय सोडून जातात ते सांगतो. तनी म्हणजे हिशेब आहे, आणि हिशेबातलं मला थोडं कळतं. आदि तालाच्या आठ मात्रा, प्रत्येकीचे चार भाग, एकूण बत्तीस. आता दहाचा एक तुकडा घ्या, एक भाग थांबा, पुन्हा दहा, पुन्हा एक थांबा, पुन्हा दहा. बेरीज बत्तीस, आणि माणूस बरोब्बर समेवर! हा झाला बालवाडीतला हिशेब. खरा मृदंगवाला याच्या दहापट गुंतागुंतीचा पसारा घालतो, शेवटचा कोर्वै तीनदा वाजवतो, आणि गाण्याची ओळ जिथून उचलायची त्या जागी, अर्ध्या मात्रेवर म्हणा, पाऊण मात्रेवर म्हणा, नेमका उतरतो. गायक त्याच क्षणी ओळ उचलतो. संध्याकाळी कॅश पैशाला पैसा जुळते तेव्हा आमच्या अंगावर जे रोमांच उभे राहतात ते त्या क्षणी माझ्या अंगावर उभे राहिले. फरक इतकाच, की आम्हाला कॅल्क्युलेटर असतो आणि खाडाखोड करता येते.

अकॅडमीचा मोठा सन्मान म्हणजे संगीत कलानिधी. तो मृदंगवादकाला पहिल्यांदा मिळाला १९६६ साली, पालघाट मणि अय्यरांना. म्हणजे संस्था निघाल्यानंतर अडतीस वर्षांनी. बाईमाणसाला तर १९६८ उजाडावं लागलं, आणि बाई कोण, तर एम. एस. सुब्बुलक्ष्मी! आमच्या खात्यातसुद्धा कन्फर्मेशनला इतका वेळ लागत नाही.

आणि मृदंगवाल्याच्याही मागे एक माणूस आहे, जो स्टेजवर दिसतच नाही. मृदंग फणसाच्या लाकडाचा. तोंडांना गाईचं, म्हशीचं आणि शेळीचं कातडं. ते निवडायचं, ओढायचं, उजव्या तोंडावर शाई चढवायची, हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेली घराणी बहुतेक दलित ख्रिस्ती. त्यांच्यावर टी. एम. कृष्ण या गायकाने २०२० साली 'सबॅस्टियन अँड सन्स' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. पुस्तक वाचल्यापासून माझी पंचाईत अशी झाली आहे की तनी सुरू झाली की मला दोन माणसं वाजवताना दिसतात. सोवळ्याने गायल्या जाणाऱ्या देवाच्या गाण्याला ताल गाईच्या कातड्याचा, आणि तो बांधणारा पहिल्या रांगेत तर सोडाच, पाहुणा म्हणूनही क्वचित. कँटीनला जाणारे त्यालाही ओलांडून जातात.

हे कृष्ण म्हणजे सीझनमधले बंडखोर. २०१५ मध्ये त्यांनी डिसेंबरात गाणं सोडलं आणि बेसंटनगरच्या कोळीवाड्यात उत्सव भरवायला हात दिला. २०२४ सालच्या संगीत कलानिधीसाठी त्यांचंच नाव जाहीर झालं, तेव्हा काही नामवंतांनी त्या वर्षी अकॅडमीतून अंग काढून घेतलं. मामांच्या घरी या विषयावर अजून दोन पक्ष आहेत, एक मामांचा आणि एक मामींचा, त्यामुळे मी कॉफीवर लक्ष ठेवलं. माझं मत विचाराल तर गाव चेन्नई आहे, मैलापूर नव्हे. उत्तर चेन्नईत 'गाना' नावाची वस्तीतली गाणी आहेत, पराईसारखी चामडी वाद्यं आहेत, ती त्याच गावची. २०२० पासून पा. रंजित यांच्या संस्थेने 'मार्गळियिल मक्कळिसै', म्हणजे मार्गळीतलं लोकांचं संगीत, हा महोत्सव मुद्दाम याच महिन्यात सुरू केला. महिना कुणा एकाच्या नावावर फिक्स्ड डिपॉझिटमध्ये ठेवलेला नाही, हे त्यांनी न भांडता दाखवून दिलं.

मराठी माणसाला या सगळ्यात नाक खुपसायचा हक्क आहे का? थोडासा आहे. तंजावरला आपले भोसले १८५५ पर्यंत होते. त्यागराज गायले ते त्यांच्याच अमदानीत, आणि तिकडच्या हरिकथेत आपल्या कीर्तनकारांची साकी-दिंडी अजून ऐकू येते. शिवाय कच्चेरीच्या शेवटी जे हलकंफुलकं गातात त्याला ते 'तुक्कडा' म्हणतात, आणि त्या तुक्कड्यांत हल्ली हटकून अभंग असतो. अरुणा साईराम, रंजनी-गायत्री या मुंबईत वाढलेल्या. त्यांचा अभंग सुरू झाला की सभागृह टाळ्या धरतं. मी ऐकलेल्या मैफलीत तनीला उठलेली सगळी मंडळी विठ्ठलाला मात्र वेळेवर हजर होती. विठ्ठल म्हणजे कटेवर हात ठेवून ताटकळत उभं राहण्याचा अनुभव असलेला देव. त्याने काही मनावर घेतलं नसावं. आणि आपणही फार शहाणपणा सांगायला नको. सवाईत सुरुवातीच्या नवोदित गवयाच्या वेळी पुणेकर कुठे असतो, ते तिथल्या वडेवाल्याला विचारा.

मी चेन्नईत तेच केलं. एका तनीला मामांना जागेवर बसवून ठेवलं, आणि ती संपून मंगलम झाल्यावर कँटीनमध्ये गेलो. गर्दी ओसरली होती. तव्यामागे साठीचा एक काळासावळा आचारी होता. भिंतीवर एक लहानसा स्पीकर, त्यातून आतलं गाणं ऐकू यायचं. मामांना दुभाष्या करून मी विचारलं, इतके लोक एकदम येतात, तुम्हाला कसं जमतं?

तो म्हणाला, त्यात काय, गायक थांबला आणि मृदंग एकटा झाला की पहिलं पीठ टाकायचं. घटमची पाळी आली की कॉफी गाळायला घ्यायची. कोर्वैची पहिली फेरी सुरू झाली की नवी ऑर्डर बंद, कारण तिसऱ्या फेरीला सगळे कप टाकून पळतात.

"आज कसं झालं?" मी विचारलं.

त्याने उलथनं खाली ठेवलं, मांडीवर दोन टाळ्या मारल्या आणि मामांना बरंच काही सांगितलं. मामा ऐकता ऐकता च् च् करू लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा म्हणतो, आज मिश्र चापू होता, सात मात्रांचा. पोरगा छान वाजवत होता, पण डाव्या तोंडाला रवा जरा जास्त लावला होता, आवाज जड येत होता. रव्याचं ह्याला कळतं म्हणतो."

तिकडे मृदंगाच्या डाव्या तोंडाला कार्यक्रमाआधी भिजवलेल्या रव्याचा लेप देतात. मी दोन डोसे सांगितले.