खुद्दानुखुद्दक नियमांचा प्रश्न आणि संघटनेतील परिवर्तन

संघटनेत परिवर्तन कसे घडवावे, हा प्रश्न आधुनिक व्यवस्थापनशास्त्राने प्रथम उपस्थित केला, असा आपल्याकडील सुशिक्षितांचा समज आहे. पाली साहित्याच्या अभ्यासकाला तो मान्य होणार नाही. दीघनिकायातील महापरिनिब्बाणसुत्त आणि विनयपिटकातील चुल्लवग्गाचा अकरावा खंधक एकत्र वाचल्यास, शास्त्याच्या पश्चात संघटना बदलाला कशी सामोरी जाते याचे प्रामाणिक चित्र सापडते. आपण हे भाग श्रद्धेने वाचतो. त्यांची चिकित्सा मात्र अभावानेच होते.

महापरिनिब्बाणसुत्ताच्या प्रारंभी वज्जींच्या निमित्ताने सात अपरिहानीय धम्म येतात. वारंवार सभा भरवावी. एकोप्याने जमावे आणि एकोप्याने उठावे. जे नियम केलेले नाहीत ते करू नयेत व केलेले आहेत ते मोडू नयेत, हे त्यांतील पहिले तीन होत. पुढे तेच भिक्खुसंघालाही सांगितले आहेत. परंतु त्याच सुत्ताच्या अखेरीस तथागत आनंदाला सांगतात की, आपल्या पश्चात संघाची इच्छा असल्यास त्याने खुद्दानुखुद्दक, म्हणजे लहानसहान, नियम रद्द करावेत. वरवर पाहता ही विसंगती आहे. परंतु तिसरा धम्म पहिल्या दोहोंपासून तोडून वाचता येत नाही. तो व्यक्तीच्या वा गटाच्या लहरीला आळा घालतो. अखेरची अनुज्ञा मात्र एकोप्याने जमलेल्या संघाला अधिकार देते. बदलाचा अधिकार नाकारलेला नाही. तो कोणाचा, हे निश्चित केलेले आहे.

राजगृहाच्या पहिल्या संगीतीत या अधिकाराची कसोटी लागली. आनंदाने अनुज्ञा निवेदन केली. परंतु लहानसहान नियम कोणते, हे त्याने तथागतांना विचारले नव्हते. थेरांत एकवाक्यता होईना. चार पाराजिके वगळून बाकी सारे क्षुद्र, असे काहींचे मत पडले. काहींनी तेरा संघादिसेसही त्यांतून वगळले. तेव्हा महाकस्सपाने ज्ञप्ती मांडली की, नवा नियम करू नये आणि जुना मोडू नये. संघाने मौनाने ती संमत केली. महाकस्सपाचे कारण असे की, गृहस्थांना आपले नियम ठाऊक आहेत. आता ते सोडल्यास, शास्त्याच्या चितेचा धूर होता तोवरच यांनी नियम पाळले, असे लोक म्हणतील.

ही चिंता क्षुल्लक नव्हती. लोकांच्या विश्वासावर जगणाऱ्या संघाला लोकापवाद परवडत नाही, आणि या निर्णयानेच विनयाला स्थैर्य लाभले हेही मान्य केले पाहिजे. तथापि त्याची किंमतही मोजावी लागली. मूलभूत काय आणि प्रासंगिक काय, हे ठरविण्याचे शिक्षण संघाने त्या दिवशी टाळले. सुमारे शंभर वर्षांनी वेसालीत दहा वत्थूंचा वाद झाला, तेव्हा शिंगात मीठ साठविणे आणि सोने-रुपे स्वीकारणे या दोन गोष्टी एकाच यादीत आल्या. निर्णयासाठी दोन्ही पक्षांचे चार-चार भिक्खू नेमण्याची उत्तम कार्यपद्धती संघापाशी होती. लहान-मोठे तोलणारा मापदंड मात्र नव्हता. आणखी एक गोष्ट बोलकी आहे. राजगृहात आनंदाला ज्या दोषांची कबुली द्यावी लागली, त्यांत स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी केलेला प्रयत्नही होता. परिवर्तनाला वाट करून देणाराच आरोपी ठरला.

या पार्श्वभूमीवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे महत्त्व लक्षात येते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी भिक्खुसंघाला संसदीय कार्यपद्धती अवगत असल्याचे सांगितले. म्हणजे कार्यपद्धतीचा वारसा त्यांनी स्वीकारला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी राजगृहात राहून गेलेला प्रश्न विचारला: भिक्खूचे प्रयोजन काय? तो केवळ परिपूर्ण मनुष्य व्हावा की समाजसेवक? प्रयोजन ठरले की क्षुद्र नियम कोणता, हे ठरविता येते. महाकस्सपाने लोक काय म्हणतील हे पाहिले. बाबासाहेबांनी लोकांचे काय भले होईल हे पाहिले. स्वतः उभारलेल्या संघटनांनाही त्यांनी हाच न्याय लावला. 1936 चा स्वतंत्र मजूर पक्ष, 1942 चे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि त्यापुढील रिपब्लिकन पक्षाची संकल्पना हा क्रम पाहिला, तर साधनाचा मोह त्यांना नव्हता हे स्पष्ट होते.

या चिकित्सेचा संबंध आपल्याशी आहे. रिपब्लिकन पक्ष 1957 साली स्थापन झाला आणि अल्पावधीतच गटांत विभागला. आपल्या अनेक विहार समित्यांत घटना छापलेली असते, परंतु सभा भरत नाही. अध्यक्ष बदलत नाही, आणि बदलला तर समितीच फुटते. पहिले दोन धम्म सोडून आपण तिसराच तेवढा पाळतो, तोही सोयीने. धम्म हाच धम्माचा वारस, असे म्हणून तथागतांनी उत्तराधिकारी नेमला नाही. तेव्हा पुढच्या सभेत नेता कोण, याआधी आपल्या नियमांपैकी कोणता बहुजनांच्या हिताचा आणि कोणता केवळ सवयीचा, हा प्रश्न विषयपत्रिकेवर घेतला पाहिजे. आनंदाने तो विचारला नाही, म्हणून त्याला दोष देण्यात आला. आपण तो विचारला नाही, तर आपल्याला दोष देण्यासाठी संघटनाच उरणार नाही.