समता, गुणवत्ता आणि संख्या : जे. पी. नाईक यांच्या शैक्षणिक संशोधनाच्या प्रभावाची समीक्षा

बीजसंज्ञा : जे. पी. नाईक, कोठारी आयोग, शैक्षणिक धोरण, विकास, संशोधनाचा प्रभाव

प्रस्तावना

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये शैक्षणिक कामगिरीचे गुणांक लागू केल्यापासून महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या संशोधनाचे मोजमाप शोधनिबंधांची संख्या आणि संदर्भोल्लेख यांच्या आधारे करण्याची सवय रूढ झाली. या मोजपट्टीत जयंत पांडुरंग नाईक (१९०७–१९८१) यांचे कार्य नेमके कोठे बसते, हा प्रश्न उद्बोधक आहे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या या अभ्यासकाचे सर्वाधिक प्रभावी लेखन आयोगाच्या अहवालाच्या स्वरूपात प्रसिद्ध झाले आणि अहवालावर लेखक म्हणून एका व्यक्तीचे नाव नसते. असे असूनही युनेस्कोने जगातील शंभर शिक्षणविचारवंतांची जी चरित्रमाला प्रसिद्ध केली, तीत महात्मा गांधी आणि रवींद्रनाथ टागोर यांच्यासमवेत नाईक यांचा समावेश आहे. या प्रभावाचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संशोधनाची पायाभरणी

नाईक यांचा धोरणविचार इतिहासाच्या अभ्यासातून सिद्ध झाला. सय्यद नुरुल्ला यांच्यासमवेत लिहिलेला ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास १९४३ मध्ये प्रकाशित झाला. १९४८ मध्ये त्यांनी भारतीय शिक्षण संस्थेची मुंबईत स्थापना केली. पुढे ही संस्था पुण्यात आली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांनी ग्रामीण शिक्षणाचा प्रत्यक्ष प्रयोग केला. दप्तरखान्यातील पुरावा आणि खेड्यातील अनुभव यांची ही जोड त्यांच्या पुढील सर्व लेखनात आढळते.

कोठारी आयोग : स्वीकार आणि उपेक्षा

१९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाचे नाईक हे सदस्य-सचिव होते. या आयोगावर ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जपान आणि सोव्हिएत रशिया येथील तज्ज्ञ होते, तर सहसचिव युनेस्कोचे होते. नववसाहतमुक्त देशांत शिक्षण ही विकासातील गुंतवणूक मानली जाण्याचा तो काळ होता. ‘शिक्षण आणि राष्ट्रीय विकास’ हे अहवालाचे शीर्षकच त्या विचाराचे द्योतक आहे.

तथापि, अहवालातील कोणत्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. १०+२+३ हा आकृतिबंध देशभर रुजला आणि कनिष्ठ महाविद्यालय हे त्याचे दृश्य फलित होय. याउलट, सर्व थरांतील मुलांना एकत्र आणणारी परिसर शाळा प्रत्यक्षात आली नाही. १९८५-८६ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, ही अपेक्षाही अपुरी राहिली. शासनाने रचना उचलली, पण समतेचा आशय मागे ठेवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा आकृतिबंध बदलून ५+३+३+४ केला. सहा टक्क्यांचे उद्दिष्ट मात्र पुन्हा नोंदवले.

त्रिकोणाची मीमांसा

१९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नाईक यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या यांना भारतीय शिक्षणातील हुलकावणी देणारा त्रिकोण म्हटले. साधने मर्यादित असताना एक बाजू ताणली की उरलेल्या दोन आखडतात, हे त्यांनी दाखवून दिले. ही मांडणी संख्यावाढीलाच प्रगती मानणाऱ्या विकासनीतीला दिलेले उत्तर होते. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले सदस्य-सचिव या नात्याने त्यांनी हीच दृष्टी अन्य क्षेत्रांतही नेली. या परिषदेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसमवेत तयार केलेला ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा १९८१ चा अहवाल तिचा पुरावा आहे.

या मांडणीची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू शासनाच्या हाती आहेत, असे तीत गृहीत आहे. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि संख्येची बाजू मोठ्या प्रमाणात खाजगी संस्थांकडे गेली. शासनाचा हात सैल झाल्यावर समतेची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर नाईक यांच्या चौकटीत सहज सापडत नाही.

पनवेल परिसराचा संदर्भ

ही मर्यादा असूनही त्रिकोणाची उपयुक्तता संपलेली नाही. पनवेल तालुक्यात सिडकोच्या वसाहतींबरोबर इंग्रजी माध्यमाच्या शाळा व महाविद्यालये वाढली. त्याच तालुक्यातील कातकरी कुटुंबे मात्र आजही वीटभट्टीच्या हंगामात स्थलांतर करतात आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. पटावरील नाव संख्येत मोजले जाते. त्या मुलाचे शिकणे मात्र गुणवत्तेच्या आणि समतेच्या कोणत्याच रकान्यात उतरत नाही.

निष्कर्ष

नाईक यांच्या निधनानंतर १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी स्वतः घडवलेल्या आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याची झाडाझडती घेतली आहे. आपल्या संशोधनाच्या यशापयशाचा असा हिशेब मांडणारे अभ्यासक विरळा. संशोधनाचा प्रभाव संदर्भोल्लेखांच्या संख्येने जोखणे सोयीचे असले, तरी आपल्या शिफारशीतून कोणाचे जगणे बदलले आणि कोणाचे बदलायचे राहून गेले, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते मूल्यमापन पूर्ण होत नाही. महाविद्यालयीन संशोधनाने नाईक यांच्याकडून घ्यावयाचा धडा हाच होय.