सिद्ध आज्ञावलीतील दोष : औपचारिक पद्धतींच्या दाव्याची समीक्षा

आज्ञावलीची अचूकता केवळ चाचण्यांवर न सोडता गणिती सिद्धतेने प्रस्थापित व्हावी, हा आग्रह टोनी होअर (१९६९) आणि एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्या लेखनातून दृढ झाला. चाचणी निवडक उदाहरणांपुरती असते. सिद्धता सर्व शक्यतांना व्यापते. या दाव्यातील 'सर्व' हा शब्द मात्र तपासून घ्यावा लागतो.

जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' (१९८६) या ग्रंथातील द्विभाजी शोधाचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. क्रमवार यादीचा मध्य काढायचा, शोध्य मूल्य कोणत्या अर्ध्यात असेल ते ठरवायचे आणि दुसरे अर्धे सोडून द्यायचे, अशी ही साधी रीत. प्रत्येक फेरीत अबाधित राहणारे विधान मांडून बेंटली यांनी तिची अचूकता दाखवली. विवेचन आजही अनुकरणीय आहे. तरीही जावाच्या प्रमाणित संग्रहातील, याच रीतीने लिहिलेल्या आज्ञावलीत दोष असल्याचे तिचे लेखक जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये जाहीर केले. मध्य काढण्यासाठी दोन्ही टोकांचे क्रमांक मिळवून बेरजेला दोनाने भागले जाई. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. बेरीज त्यापुढे गेली की ती ऋण होते. एवढ्या मोठ्या याद्या पूर्वी क्वचितच वापरल्या जात, म्हणून दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहिला. उपाय एका ओळीचा : दोन क्रमांकांतील फरकाचे अर्धे खालच्या क्रमांकात मिळवणे.

सिद्धता अमूर्त रचनेची होते, प्रत्यक्ष यंत्राची नव्हे, असा आक्षेप जेम्स फेट्झर यांनी १९८८ मध्ये घेतला होता. वरील उदाहरण त्यांच्या बाजूने उभे करण्याचा मोह होतो. पण ते योग्य नव्हे. येथे यंत्र बिघडले नव्हते. ते भाषेच्या नियमांनुसारच वागले. चूक होती ती सिद्धतेने गृहीत धरलेल्या अमर्याद पूर्णांकांत. मर्यादित पूर्णांक मानून केलेली सिद्धता त्या बेरजेपाशीच अडली असती. वर्गात अबाधित विधान शिकवताना हा फरक बहुधा निसटतो.

सिडनीतील संशोधकांनी २००९ मध्ये सिद्ध केलेला 'एसईएल४' हा प्रचालन प्रणालीचा गाभा या बाबतीत अधिक प्रामाणिक ठरतो. सी भाषेतील सुमारे ८,७०० ओळींसाठी संगणकाने तपासलेली सुमारे २ लाख ओळींची सिद्धता द्यावी लागली, आणि सिद्ध न केलेल्या बाबींची यादीही सोबत देण्यात आली. त्यांपैकी कंपायलरवरील विसंबणे २०१३ मध्ये, यंत्रभाषेतील संकेतापर्यंत सिद्धता नेऊन, दूर करण्यात आले. हार्डवेअर बिनचूक चालते, हे गृहीतक मात्र यादीत राहिले.