‘सर्व काम’ : अपघात-भरपाईच्या कायद्यातील एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, झरी जामणी हा तालुका आहे. कोलाम व गोंड वस्तीची गावे, कापसाची शेती, शेजारच्या वणी तालुक्यातील कोळशाच्या खाणी आणि मुकुटबनच्या परिसरातील चुनखडी व तिच्यावर उभा राहिलेला सिमेंटचा उद्योग, असे या भागाचे आर्थिक स्वरूप आहे. येथे मजुराचे वर्ष एकाच धंद्यात सरते असे नाही. पावसाळ्यात ज्याने डवरा धरला आणि दिवाळीच्या सुमारास कापूस वेचला, तोच उन्हाळ्यात एखाद्या कंत्राटदाराच्या हजेरीपटावर माल चढविण्या-उतरविण्याच्या कामाला लागतो. अशा तीस वर्षांच्या मजुराचा डावा हात फोर्कलिफ्टच्या काट्याखाली सापडून मनगटापासून गेला, असे गृहीत धरावे. त्याला मिळावयाच्या भरपाईचा प्रश्न वरकरणी अंकगणिताचा दिसतो; वस्तुतः तो अर्थनिर्णयाचा आहे, आणि त्याचे उत्तर ‘सर्व काम’ या दोन शब्दांच्या वाचनावर अवलंबून आहे.

या कायद्याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. १८३७ साली इंग्लंडात एका खाटकाच्या प्रमाणाबाहेर लादलेल्या गाडीवरून पडून मांडी मोडलेल्या नोकराचा दावा फेटाळला गेला, आणि नोकराने कामातील धोका स्वतःच पत्करलेला असतो, हा विचार पुढे बराच काळ प्रभावी राहिला. भारतात १९२३ च्या अधिनियमाने (तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला) हा विचार बाजूला सारला. मालकाची चूक सिद्ध करण्याची अट राहिली नाही. इजा कामातून व काम चालू असताना झाली, एवढे दाखविणे पुरेसे ठरले. २००९ च्या दुरुस्तीने ‘कामगार’ या शब्दाच्या जागी ‘कर्मचारी’ हा शब्द आला. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यावर हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात समाविष्ट झाला. पण व्याख्यांची मूळ घडण संहितेने मोडलेली नाही. म्हणून जुन्या निर्णयांचे वाचन आजही अप्रस्तुत ठरत नाही.

फोर्कलिफ्टच्या बाबतीत अर्थनिर्णय दाराशीच सुरू होतो. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने ‘मोटार वाहन’ या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्यातून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेले विशेष प्रकारचे वाहन वगळले आहे. हाच मजूर फाटकाबाहेर मालमोटारीखाली सापडला असता, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्ग त्याला खुला असता. त्या मार्गाने गेल्यास वेदना, उपचार, भविष्यकाळातील उत्पन्न यांचा स्वतंत्र हिशेब होतो. दोन्ही मार्ग खुले असताना कायद्याने एकच निवडता येतो, हेही खरे. परंतु फाटकाच्या आतल्या यंत्राबद्दल ती निवडच बहुधा उरत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत तो नोंदलेला असेल, तर भरपाईऐवजी त्या योजनेतील लाभ मिळतात. तो विषय वेगळा. तो नसेल, तर भरपाईचा कायदा व त्यातील कोष्टक एवढेच त्याच्या हाती राहते. यंत्र तेच आणि हातही तोच. भिंतीच्या कोणत्या बाजूला अपघात झाला, यावरून मोजण्याची पद्धत बदलते.

आता ते कोष्टक पाहू. १९२३ च्या मूळ परिशिष्टात उजवा हात कोपरापासून किंवा त्यावर गेल्यास अर्जनक्षमतेची हानी शेकडा ७० आणि डावा गेल्यास ६०, अंगठ्याला २५ व तर्जनीला १० असे आकडे होते. १९६२ च्या दुरुस्तीने हे परिशिष्ट बदलले. उजव्या-डाव्याचा भेद गेला, अंगठा ३० व तर्जनी १४ झाली, आणि मनगटापासूनचा हात ६० ठरला. डावखुऱ्या माणसाचा विचार करावयास कायद्याला चार दशके लागली, असे म्हणावयास हरकत नाही. पण दोन्ही कोष्टकांचे गृहीतकृत्य एकच आहे : शरीर हे सर्व माणसांचे सारखे आणि धंद्यापासून अलग. गवयाची तर्जनी आणि विणकराची तर्जनी या कोष्टकात एकाच ओळीत बसतात.

रकमेतील अंतर किरकोळ नाही. जानेवारी २०२० पासून भरपाईसाठी मासिक वेतनाची मर्यादा १५,००० रुपये ठरली. कायम पूर्ण अपंगत्वासाठी वेतनाच्या शेकडा ६० ला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. या हिशेबाने पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,७१,८२० रुपये होते. कोष्टकातील ६० टक्के धरल्यास तीच ११,२३,०९२ वर येते. मधले ७,४८,७२८ रुपये ‘सर्व काम’ या शब्दांच्या पोटात आहेत.

कारण १९२३ च्या अधिनियमातील व्याख्या अशी : अपघाताच्या वेळी जे सर्व काम करण्यास माणूस समर्थ होता त्या कामास तो असमर्थ झाला, तर अपंगत्व पूर्ण, आणि अपघाताच्या वेळी ज्या ज्या नोकऱ्या तो पत्करू शकत होता त्या प्रत्येकीत त्याची अर्जनक्षमता घटली, तर ते कायम आंशिक. तात्पुरत्या आंशिक अपंगत्वासाठी मात्र शब्द निराळे आहेत. तेथे तो प्रत्यक्ष ज्या कामावर होता तेवढेच पाहावयाचे. म्हणजे ‘करीत असलेले काम’ आणि ‘करता येण्याजोगे काम’ यांतील भेद कायदा रचणाऱ्यांना ठाऊक होता आणि त्यांनी तो जाणीवपूर्वक राखला.

या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७५ चा निर्णय वाचावयास हवा. ओडिशातील एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की, कोष्टकात या इजेला ७० टक्के आहेत, तेव्हा अपंगत्व आंशिकच मानले पाहिजे. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून हानी शंभर टक्के, हा आयुक्ताचा निष्कर्ष चार न्यायाधीशांच्या पीठाने उचलून धरला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निर्णयाने ठरविले. निर्णय न्याय्य होता, यात शंका नाही. पुढे असंख्य दावेदारांना त्याने आधार दिला. तथापि त्याचे विवेचन अपुरे आहे. ‘सर्व काम’ याचा अर्थ ‘सुतारकाम’ असा कोणत्या वाटेने झाला, हे तो सांगत नाही. सुतार हा एका धंद्याचा माणूस. त्याच्याबाबत हा संकोच कोणाला खटकला नाही. पण जो मजूर डवरतो, वेचतो, ओझी वाहतो आणि वेळप्रसंगी राखणही करतो, त्याला हा निर्णय लावू गेले की प्रतिपक्षाला युक्तिवाद सापडतो : याचा धंदा एक नव्हता, तेव्हा एका हाताने होणारे काही तरी काम उरलेच. अनेक कामे येणे हे ज्याचे दारिद्र्यातले भांडवल, तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहते.

या अडचणीतून वाट काढावयाची, तर ‘समर्थ’ हा शब्द केवळ देहाच्या शक्तीपुरता वाचून भागणार नाही. इंग्लंडच्या उमराव सभेने १९१२ मध्ये एक चमत्कारिक दावा ऐकला होता. एका कामगाराचा एक डोळा पूर्वीपासूनच आंधळा होता, पण दिसावयास तो धड होता. कामावर त्याच डोळ्याला इजा झाली व तो काढावा लागला. दृष्टी पूर्वीइतकीच राहिली. परंतु आता तो एकाक्ष आहे हे दिसू लागल्यामुळे त्याला कोणी कामावर घेईना. त्याची श्रमशक्ती विकली जात नाही ही असमर्थताच होय, असे सभेने मानले. हा विचार भारतीय व्याख्येच्या शब्दांशी विसंगत नाही. काम करण्यास समर्थ असणे म्हणजे ते काम मिळू शकणे, असा अर्थ तेथे सहज बसतो.

सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या एका प्रकरणात २०१० साली याच दिशेने पाऊल टाकले. अवयवाची टक्केवारी आणि उपजीविकेची हानी या दोन गोष्टी भिन्न आहेत; डावा हात गेल्यास चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, सरकारी कारकुनाची कदाचित जात नाही, असे त्या निर्णयात सोदाहरण दाखविले आहे. जखमी माणूस आता काय करू शकतो, पूर्वी काय करीत होता, आणि अन्य मार्गाने किती मिळवू शकेल, हे क्रमाने तपासावे, ही त्यातील पद्धत. ती कोष्टक नसलेल्या कायद्यात सांगितली गेली, हे खरे आहे. पण कोष्टकाला किमान मर्यादा मानले आणि वरचा भाग पुराव्याने ठरवावयाचा ठेवला, तर तीच पद्धत येथेही चालू शकते. कोष्टकाला कमाल मर्यादा समजण्याची जी सवय दाव्यांच्या कामात दिसते, तिला १९७५ च्या निर्णयानंतर आधार नाही.

झरी जामणीच्या मजुराबाबत हे प्रश्न विचारले, की उत्तरे अमूर्त राहत नाहीत. डवऱ्यावर जोर देऊन बैल हाकण्यास दोन हात लागतात. कापसाची वेचणी किलोवर असते. एका हाताने वेचणाऱ्याला दिवसाची मजुरी पडत नाही, आणि वेचणीला त्याला बोलावील कोण, हा प्रश्न आहेच. निंदणाचे काम बहुतांशी बायांचे आणि तेही हंगामापुरते. राखणीची जागा असली तर एखादी. हे सारे शेतकऱ्यांना व सोबतच्या मजुरांना ठाऊक असते. ज्या डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर दावा चालतो त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. तो सांध्याची हालचाल अंशांत मोजतो आणि टक्केवारी लिहितो. त्याने अर्जनक्षमता ठरविलेली नसते. ती ठरविल्याचे नंतर मानले जाते.

कंत्राटदाराचा मुद्दा येथे फारसा वाढविण्याचे कारण नाही. आपल्या नेहमीच्या व्यवसायाचे काम कंत्राटाने देणारा मुख्य मालक भरपाईला जबाबदार असतो, आणि ती दिल्यावर कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो, हे मूळ अधिनियमाच्या बाराव्या कलमात स्पष्ट होते. अडचण येते ती हजेरीपटावर नाव नसल्याची, आणि ती अडचण अर्थनिर्णयाची नसून पुराव्याची आहे.

पुराव्याच्या दृष्टीने १९९५ च्या दुरुस्तीचे महत्त्व मात्र जितके ओळखले जावयास हवे तितके ओळखले गेलेले नाही. तिने अपघाताच्या ठिकाणाखेरीज दावेदार जेथे राहतो तेथील आयुक्ताकडेही अर्ज करण्याची मुभा दिली. प्रवास वाचावा, एवढाच तिचा उपयोग सहसा सांगितला जातो. पण दूरच्या कारखान्यात हात गमावून गावी परतलेल्या मजुराचा दावा त्याच्या जिल्ह्यात चालला, तर ज्याच्या शेतात तो डवरणीला जात होता तो शेतकरी, त्याच्यासोबत वेचणी करणाऱ्या बाया, आणि आता त्याला कोणी का बोलावीत नाही हे सांगू शकणारा शेजारी, यांना साक्षीला आणता येते. अपघाताच्या वेळी तो कोणकोणते काम करीत होता आणि त्यातले आज त्याला कोणते मिळते, याची महिनावार साक्ष नोंदली गेली, तर ‘सर्व काम’ या शब्दांचा अर्थ आयुक्ताला कोष्टकात शोधावा लागत नाही.