एक पाऊल पुढे : फ्रँको बारेसीचा खेळ

फ्रँको बारेसीचा खेळ पाहायचा तर चेंडूवरची नजर काढावी लागते. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावत असतो आणि बारेसीचं काम चेंडू पार मैदानाच्या दुसऱ्या अंगाला असतानाच सुरू झालेलं असतं. एसी मिलानच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती लावल्या की मी पडद्याच्या कडेला बारेसीचा ६ नंबर शोधतो. तो सापडला की पुढच्या दोन पासांत काय होणार, याचा अंदाज येऊ लागतो.

प्रतिस्पर्ध्याच्या मधल्या फळीतला खेळाडू चेंडू घेऊन उभा आहे, मान वर आहे, अंगावर कोणी आलेलं नाही. बारेसी दोन पावलं मागे जातो, कारण आता लांबचा पास येऊ शकतो. इतक्यात मिलानचा एक खेळाडू त्या माणसाच्या अंगावर जातो. त्याची मान खाली जाते किंवा तो चेंडू मागे देतो. आता त्याला निदान दीड-दोन सेकंद तरी लांबचा पास देता येणार नाही. तेवढ्या अवधीत बारेसी पुढे येतो आणि त्याच्यासोबत तासोत्ती, कोस्ताकुर्ता, माल्दिनी, सगळी फळी एका रेषेत पुढे येते. आघाडीपटू त्यांच्या पाठीमागे, म्हणजे ऑफसाइड, उरतो. पास येतो तेव्हा बारेसीचा हात वर गेलेला असतो, पाठोपाठ लाइन्समनचा झेंडाही. पंचांकडे दाद मागण्यासाठी बचावपटू हात वर करतात. बारेसीचा हात मला निकाल वाचून दाखवणाऱ्या माणसाचा वाटतो.

यात एकाचं पाऊल अर्ध्या सेकंदाने मागे राहिलं तर सगळं कोसळतं. म्हणून हा खेळ एकट्याचा असूच शकत नाही, आणि तरीही पाऊल केव्हा टाकायचं हे एकालाच ठरवावं लागतं. आरिगो साकी १९८७ मध्ये मिलानचा प्रशिक्षक झाला तेव्हा बचावफळीपासून आघाडीच्या खेळाडूपर्यंतचं अंतर सुमारे २५ मीटरच असावं, असा त्याचा आग्रह होता. पुढे त्याने सांगितलेला सरावाचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका बाजूला गोलरक्षक गाल्ली आणि चार बचावपटू, दुसऱ्या बाजूला गुलिट, व्हान बास्टेन, रायकार्ड यांच्यासह दहा जण. दहांनी पंधरा मिनिटांत एक गोल करून दाखवायचा. दहा जणांना तो कधी जमला नाही. १९८७-८८ च्या हंगामात मिलानने लीग जिंकली, तीही ३० सामन्यांत अवघे १४ गोल खाऊन.

बारेसी मुळात जुन्या पठडीतला, सगळ्यांच्या मागे राहून सुटलेला चेंडू आवरणारा ‘लिबेरो’. अशा खेळाडूला रेषेत उभं करणं म्हणजे त्याच्या पाठीमागची सगळी मोकळी जागा त्याच्याच भरवशावर सोडणं. उंची जेमतेम पावणेसहा फूट, अंगकाठी किरकोळ. पण पास निघण्याआधी तो ओळखण्याची नजर त्याच्याकडे होती. चेंडू हिसकावल्यावर तो तिथेच थांबत नसे, मधल्या फळीत शिरून स्वतः चाल रचत असे. त्याचा टॅकल कठोर होता, कधी कधी निष्ठुरही. ते मी लपवणार नाही. पण मला जास्त आवडतात ते टॅकलची गरजच न पडलेले प्रसंग.

त्या काळच्या नियमाचा त्याला फायदा मिळाला, असं म्हणणारे आहेत. ते खरंही आहे. १९९० पर्यंत बचावपटूच्या अगदी रेषेत असलेला आघाडीपटूही ऑफसाइड धरला जाई. त्या वर्षी नियम बदलला आणि रेषेतला खेळाडू ऑनसाइड ठरू लागला. बारेसीच्या हातची ती बारीकशी सवलत गेली. त्यानंतर प्रशिक्षक कापेल्लोच्या हाताखाली मिलानने १९९१-९२ चा अख्खा लीग हंगाम एकही सामना न हरता काढला. १९९३-९४ मध्ये तर ३४ सामन्यांत फक्त ३६ गोल करून लीग जिंकली, कारण खाल्ले होते फक्त १५. बारेसीचं वय तेव्हा ३३ होतं. पाय मंदावले होते, निर्णय मात्र जागच्या जागी होता.

ब्रेशाजवळच्या त्राव्हाल्यातो गावचा हा मुलगा. आई-वडील कोवळ्या वयातच गेले. इंटरने मोठ्या भावाला, जुझेप्पेला घेतलं आणि याला नाकारलं. मग मिलानने घेतलं. १९७८ मध्ये, १७ व्या वर्षी तो पहिला सामना खेळला. १९८० मध्ये निकाल-निश्चितीच्या प्रकरणात मिलानला दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं, १९८२ मध्ये खेळ ढासळून संघ पुन्हा खाली गेला. दोन्ही वेळा बारेसी राहिला. २२ व्या वर्षी दंडावर कर्णधाराची पट्टी बांधली ती १९९७ पर्यंत. एकूण ७१९ सामने, सहा लीग विजेतेपदं, तीन युरोपियन चषक. तो थांबल्यावर क्लबने ६ नंबर कायमचा बाजूला ठेवला.

आता पॅसाडिना. १९९४ च्या विश्वचषकात इटलीकडून खेळताना २३ जूनला नॉर्वेविरुद्ध त्याचा गुडघा दुखावला, मेनिस्कसची शस्त्रक्रिया झाली. १७ जुलैला, म्हणजे २४ दिवसांनी, तो पॅसाडिनात ब्राझीलविरुद्ध अंतिम सामन्यात उतरला. दुपारी साडेबाराचं ऊन, आपल्याकडे मध्यरात्र उलटून एक वाजलेला. कोस्ताकुर्ता आणि तासोत्ती दोघेही निलंबित. मुस्सीही अर्ध्या तासानंतर जखमी होऊन बाहेर गेला. ओळखीचा असा शेजारी एकटा माल्दिनीच. समोर रोमारिओ आणि बेबेटो. बारेसी १२० मिनिटं खेळला आणि ब्राझीलला गोल करता आला नाही.

मग शूटआउटची पहिली पेनल्टी त्याने घेतली आणि चेंडू बारवरून गेला. क्लबसाठी तो पेनल्टी घेत असे, पण १२० मिनिटांनी थकलेले ते पाय होते. इटली हरल्यावर तो रडला. जगाच्या लक्षात सहकारी बाज्जोची हुकलेली शेवटची किक राहिली आणि जाणकार म्हणवणाऱ्यांच्याही लक्षात बारेसीची पहिली. मला हे अन्यायाचं वाटतं. शस्त्रक्रियेनंतर महिनाही न झालेल्या गुडघ्यावर, निम्मी फळी बदललेली असताना, त्या सामन्यात त्याने केलेला बचाव हा विश्वचषकाच्या इतिहासातल्या सर्वांत थोर खेळींपैकी एक आहे. त्या एका किकने त्याची उंची तसूभरही कमी होत नाही.

त्याच्या वारशाचा मला पटलेला पुरावा मात्र त्याने न खेळलेल्या सामन्यात आहे. १८ मे १९९४, अथेन्स, युरोपियन चषकाचा अंतिम सामना. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही निलंबित. प्रशिक्षक क्रॉइफच्या बार्सिलोनाकडे हाच रोमारिओ होता आणि जिंकणार तेच, असं बहुतेकांनी धरलं होतं. मिलानच्या बचावात तासोत्ती, फिलिप्पो गाल्ली, माल्दिनी आणि तरुण पानुच्ची. केव्हा पुढे यायचं आणि केव्हा मागे हटायचं, हे तासोत्ती आणि माल्दिनीने बारेसीच्या शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं गिरवलं होतं. तेच त्यांनी त्या रात्री केलं. मिलान ४-० ने जिंकलं.